'जाते' म्हणू नये

आमच्या घरात एक नियम आहे. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. दूध आणायला निघा, परदेशी निघा, नाहीतर तणतणत निघा. आधी 'येते' म्हणा, आतून कोणीतरी 'ये' म्हणेल, मग उंबरा ओलांडा. का? ते विचारायचं नाही! लहानपणी मी एकदा विचारलं होतं, तर आईने हातातलं उलथनं माझ्यावर रोखलं आणि म्हणाली, "जाते म्हणणारी परत येत नाही. पुन्हा तो शब्द काढलास तर बघ."

आता तुम्हीच सांगा, शिकल्यासवरल्या मुलीने हे ऐकून घ्यायचं? बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणायचं, दिवा विझवला तरी 'शांत केला' म्हणायचं, आणि बाई ढळढळीत निघून चालली तरी तिने म्हणायचं 'येते'! मोठ्यांची भाषा म्हणजे नुसती फसवाफसवी, असं माझं ठाम मत होतं. बरं, लोकांची फजिती प्रेमापायी होते, दारूपायी होते. माझी झाली क्रियापदापायी. तीही थेट कोर्टापर्यंत जाऊन!

मी मूळची नागपूरची. नोकरीसाठी बेंगळुरूला आले आणि एचएसआर लेआउटमधल्या पीजीत मला अनघा भेटली. पुण्याची. तिच्याकडे शिलाई मशीन होतं, माझ्याकडे तोंड होतं. एवढ्या भांडवलावर आम्ही नोकऱ्या सोडल्या आणि दुकान काढलं, 'काष्टा'. माल एकच, शिवलेली नऊवारी. ऑफिसात एथनिक डे असला की तमिळ, पंजाबी, बंगाली सगळ्या पोरी आमच्याकडे. पायजम्यासारखी चढवायची, हूक अडकवायचा, चालू पडायचं. जयनगरची माझी मामी म्हणाली, "शिवलेली नऊवारी म्हणजे लग्नात पाकिटातली पुरणपोळी." म्हणू दे! आमच्या दुकानाबाहेर रांग होती.

दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या कॉफी प्यायचो. "अण्णा, बाय टू!" म्हणजे एका कॉफीचे दोन अर्धे पेले. अनघा आपल्या पेल्यावरचा फेस बोटाने पुसून माझ्या पेल्याला लावायची. का, देव जाणे. भागीदारीचा करारही आम्ही तिथेच केला. इंटरनेटवरून उतरवला, कॉफीच्या डागासकट सह्या ठोकल्या. त्यात एक कलम होतं. जी भागीदार आपण होऊन सोडून जाईल, तिचा दुकानावरचा आणि नावावरचा हक्क संपला. ते वाचून आम्ही इतक्या हसलो की काउंटरवरचा अण्णा 'एनायितु?' म्हणून काय झालं ते विचारायला आला. सोडून जाणार? कोण?

मी गेले.

कारण सांगायची लाज वाटते. चेन! मला काष्ट्याला चेन लावायची होती, अनघाला हूक.

"चेनचा काष्टा? त्यापेक्षा जीन्स घाल ना," ती म्हणाली.

"तू माझ्या मामीसारखी बोलायला लागलीस."

"मामीला शिवणातलं कळतं तरी. तुला काय कळतं?"

झालं! माझं डोकं सटकलं. आता एक सांगते. नियमाला मी कितीही नावं ठेवली तरी जीभ लहानपणापासूनची. दुकानातून रोज निघताना मी 'येते' म्हणायचे आणि मशीनवरून मान वर न करता अनघा 'ये' म्हणायची. त्या दिवशी मी दारात थांबले. तिने वर बघावं म्हणून थांबले. आणि चांगलं ठासून म्हणाले, "जाते मी!"

मशीन थांबलं. 'ये' काही आलं नाही.

मग मी तिच्या फोनची वाट बघत बसले. ती माझ्या फोनची वाट बघत बसली असणार. शेवटी मान खाली घालून गेले, तर दाराला नवीन कुलूप! तिथून मी थेट जयनगरला मामाकडे. आयुष्यभर सरकारी कारखान्यात यंत्रं बसवलेला निवृत्त इंजिनिअर तो. त्याला कुठलीही गोष्ट मोडलेली दिसली की त्याचे हात शिवशिवतात. "आपण गप्प बसणारी माणसं नाही," असं म्हणून त्याने त्याच्या सकाळच्या फिरण्यातले वकील घरी बोलावले, आणि माझं पुरतं रडून होण्याआधी दुकानातल्या माझ्या हक्कासाठी दावा दाखलसुद्धा झाला. वर दुसरा नियम, "आता प्रकरण कोर्टात आहे. त्या मुलीशी एक शब्द बोलायचा नाही."

अहो, मला तर फक्त तिच्याशी बोलायचंच होतं!

हे वकील म्हणजे राव. त्यांच्या कितीतरी पिढ्या बेंगळुरूत गेलेल्या, त्यामुळे त्यांची मराठी कानडीचं बोट धरून चालते. मी त्यांना वकीलअण्णा म्हणते. दाव्याला अनघाचं उत्तर आलं त्या दिवशी त्यांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बघा अम्मा. ती मुलगी म्हणते, तुम्ही 'जाते' म्हणून सांगून गेलात. म्हणजे आपण होऊन सोडलं. तुम्ही काय म्हणून सांगून निघालात?"

मी तोंड उघडलं, त्याआधीच मामी स्वयंपाकघरातून गरजली, "येतेच म्हणाली असणार! आमच्या घरचं वळण आहे ते."

"मामी, मला बोलू—"

"तू बोलू नकोस," मामा म्हणाला. "कोर्टात वकील बोलतात."

वकीलअण्णांचा चेहरा उजळला. "अय्यो, हे तर सोनं आहे! कुठली मराठी बाई निघताना 'जाते' म्हणते? कोणी नाही! म्हणजे ती मुलगी खोटं सांगते. तुम्ही 'येते' म्हणालात, म्हणजे परत यायचं मनात होतं. सरी?"

आता इथे माझा घात झाला. मी तेव्हा खिडकीतून बाहेर बघत होते. समोरच्या गच्चीवर एक जांभळी साडी वाळत होती, आणि अनघाला जांभळा धागा नेहमी कमी पडायचा, तो आता तिला चिकपेटेच्या बाजारातून कोण आणून देत असेल, असा काहीतरी विचार चालला होता. रिक्षावाला म्हणतो 'सरी', भाजीवाली म्हणते 'सरी', मीही दिवसातून दहादा म्हणते. माझ्या लेखी त्याचा अर्थ 'बरं, चला पुढे.'

"सरी," मी म्हणाले.

वकीलअण्णांनी टिपून घेतलं. रात्री जेवताना मामाने पाठ थोपटली. "बरं झालं ठाम सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"'येते' म्हणालीस ते बरोबर आहे म्हणून. सरी म्हणजे बरोबर!"

हातातला घास मी ताटात ठेवला. पण तोवर गाडी माझ्या हातात राहिली होती कुठे? दुसऱ्या दिवसापासून माझ्या साक्षीची तालीम सुरू. मामा जेवणाच्या टेबलाशी न्यायाधीश, मामी अनघाची वकील, आणि मी फ्रिजला टेकून साक्षीदार.

"वादीबाई," मामीने पदर खोचला, "तुमचं वय काय?"

"मामी, वयाचा काय संबंध?"

"कोर्टाला कळू दे. अजून लग्न का केलं नाही?"

"मामा, हा काय प्रश्न झाला?"

"प्रश्न योग्य आहे," न्यायाधीश म्हणाले. "उत्तर द्या."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. पण 'येते'ची रीत सिद्ध करायला साक्षीदार लागतील, असं वकीलअण्णा बोलून गेले आणि मामीने आपलं अख्खं महिला मंडळ उठवलं! दिवाणखान्यात बायकाच बायका. जोशीकाकू म्हणाल्या, "आमचे हे ऑपरेशनला आत नेतानासुद्धा 'येतो' म्हणाले. आले!" दुसरी म्हणाली, "माझी सासू माझ्याशी वर्षभर बोलत नव्हती, पण निघताना 'येते' म्हणायची. भिंतीकडे बघून." मग कोर्टात नेसायचं काय यावर चर्चा. ठरलं की सगळ्यांनी नऊवारी नेसून जायचं. "न शिवलेली हं!" मामीने माझ्याकडे बघून सांगितलं.

मी मध्येमध्ये हात वर करत होते. "अहो, पण मी खरं म्हणजे—"

"तू चहा बघ गं," सगळ्या एका सुरात.

त्या संध्याकाळी मी स्कूटर काढली आणि एचएसआरला गेले. दुकानाकडे नाही हो. एक शब्दही बोलायचा नव्हता ना! फक्त कोपऱ्यावरच्या दर्शिनीत. सवयीने तोंडातून निघून गेलं, "अण्णा, बाय टू!" अण्णाने दोन पेले समोर ठेवले, माझ्या मागे बघितलं, मग पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी दोन्ही पेले घेऊन उभी. एक प्यायले. दुसऱ्याचं काय करायचं ते कळेना. रस्त्यापलीकडे आमच्या पाटीवरचा दिवा लागला होता, 'का' जळालेला, नुसतं 'ष्टा' दिसत होतं. तो बदलायचं काम माझं होतं, कारण अनघाला शिडीवर चढायची भीती वाटते. आत मशीन चालू असणार. रहदारीत ऐकू येणं शक्य नव्हतं, तरी मी कान देऊन उभी राहिले. कॉफीवर साय धरली.

साक्षीच्या आदल्या दिवशी वकीलअण्णा प्रतिज्ञापत्र घेऊन जयनगरला आले. मामीने त्यांना चिरोटे वाढले. मामाने पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं.

"सही करा अम्मा. आयितु, मग झालं काम."

मी वाचलं. 'मी "येते" असे म्हणून दुकानातून बाहेर पडले.'

"मी असं म्हणाले नव्हते."

"मग काय म्हणाली होतीस?" मामी हसत हसतच म्हणाली.

"जाते."

मामीच्या हातातली चिरोट्यांची ताटली तिरकी झाली. "अगं, असं कोणी म्हणतं का?"

"मी म्हणाले. मुद्दाम. तिला लागावं म्हणून."

"तुम्ही तर सरी म्हणालात!" वकीलअण्णा ओरडले.

"मला सरीचा अर्थ माहीत नव्हता. आणि नंतर सांगायला गेले तर तुम्ही कोणी बोलू दिलं नाही."

वकीलअण्णांनी एक चिरोटा तोंडात टाकला आणि शांतपणे चावला. "बघा, स्वल्प विचार करा. दुकानात तुम्ही दोघीच होतात. ती म्हणते 'जाते', तुम्ही म्हणा 'येते'. अख्खी रीत तुमच्या बाजूला उभी आहे. नऊवारी नेसून!"

"म्हणजे अनघा खोटी पडेल."

"पडू दे की!" मामा म्हणाला. "तेच तर हवंय. हे बघ, मोठी माणसं सांगतात ते ऐकावं. एवढ्याशा शब्दासाठी दुकान घालवशील?"

"एवढासा शब्द? मग मला जन्मभर का बजावत होतात?" माझा आवाज चढला होता. "जज्जसाहेबांना 'येते' काय, 'जाते' काय, सारखंच. सगळ्या कोर्टात तो शब्द ऐकून जिचं मशीन थांबलं अशी एकच बाई असेल. आणि तिच्या तोंडावर सांगू की तू ऐकलंस ते मी बोललेच नव्हते? मी सही करणार नाही. दुकान जाऊ दे, नाव जाऊ दे, उद्या मी 'जाते'च सांगणार."

पेन टेबलावर ठेवलं. मामाने टोपण उचललं आणि ते लावायचं सोडून नुसतं हातात फिरवत राहिला. वकीलअण्णा चावायचे थांबले. मामी माझ्याकडे बघत राहिली.

असा मोका पुन्हा यायचा नाही! मी ताडकन उठले, ओढणी खांद्यावर टाकली, दारात गेले, वळले. तिघं माझ्या तोंडाकडे बघत होते. आता मी काय म्हणते ते त्यांना ऐकायचं होतं. मीही ठरवलं होतं काय म्हणायचं ते. छाती भरून श्वास घेतला, आणि तोंडातून निघालं,

"येते."

जीभ चावली. आतून कोणी 'ये' म्हणालं नाही. मी धाडकन दार ओढलं, जिना उतरले, स्कूटरपाशी गेले.

किल्ली वरच राहिली होती.

काय करता? जिना चढले, बेल वाजवली. मामीने दार उघडलं. जुडगा तिच्या हातातच होता. स्कूटरच्या किल्लीशेजारी आमच्या दुकानाच्या जुन्या कुलपाची किल्ली मी अजून ठेवली आहे. ती मामीने पाहिली असावी, कारण मी हात पुढे केला तरी तिला जुडगा लगेच सोडवेना. मागे मामा आणि वकीलअण्णा होते तसेच बसलेले.

"नियम खरा आहे तुमचा," मी म्हणाले. "'येते' म्हटलं की यावंच लागतं."

कोणीच हसलं नाही.