वरच्या रांगेतले पहिले चार पोर्ट

“हे चार प्लग तोडून नवीन मारून घ्या. आणि त्यानंतर ह्या बाईला रॅकला हात लावू देऊ नका,” देसाई साहेब म्हणाले.

ही बाई म्हणजे मी. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. हातात पकड, पदर कमरेला खोचलेला. पण ते माझ्याशी बोलले नाहीत. बोलले नंदूभाऊंशी, आमच्या ठेकेदाराशी.

“सर्व्हरचं काम हिच्याकडे दिलंत? शिक्षण काय हिचं?”

“चौथी,” नंदूभाऊ जमिनीकडे बघत म्हणाले.

“मग झालंच.”

पुरुषमाणसं बोलत असली की मी मध्ये पडत नाही, लहानपणापासूनच. पण त्या ‘मग झालंच’चा राग अजून उतरलेला नाही.

ते नवं हॉस्पिटल होतं, मालवणच्या वाटेवर. साल २००९. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे पेशंट यायला लागणार होते. तिन्ही मजल्यांवरच्या नेटवर्कच्या वायरी मी ओढल्या होत्या. नेटवर्क म्हणजे कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं, आणि ते बोलणं वायरीतून जातं. वायरीच्या आत आठ बारीक तारा असतात, वेगवेगळ्या रंगांच्या. त्या ठरल्या क्रमाने प्लगमध्ये बसवून पकडीने दाबायच्या. एक तार इकडची तिकडे झाली की काम फुकट. मी माहेरी जाळी विणत वाढले, त्यामुळे बोटांना बारीक कामाची सवय. नंदूभाऊंकडे सहा वर्षांत माझा एक प्लग परत आलेला नव्हता.

माझी एक पद्धत आहे. कागदी लेबलं आमच्या खाऱ्या हवेत टिकत नाहीत, एका पावसाळ्यात गळून पडतात. म्हणून मी प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना रंगीत दोरा बांधते. आमच्या वाडीत प्रत्येक घराच्या जाळ्याला आपापल्या रंगाची चिंधी असते. किनाऱ्यावर जाळ्यांचा ढीग पडला तरी आपलं जाळं ओळखता येतं. हे तसंच. सर्व्हरच्या चार केबलींना मी लाल, पिवळा, हिरवा आणि निळा दोरा बांधला होता.

एका सर्व्हरला चार केबली कशाला? तर त्या एका लोखंडी पेटीत पाच सर्व्हर राहत होते. एका घरात पाच चुली असाव्यात तसे. नावनोंदणीची चूल वेगळी, तपासणीच्या रिपोर्टांची वेगळी, औषधांची वेगळी. पाची घरकुलांची ये-जा एकाच वायरीवरून झाली तर गर्दी होणार. म्हणून चार वायरी लावायच्या आणि स्विचला सांगायचं, ह्या चार नव्हेत, ही एकच जाड वायर आहे असं समज. स्विच म्हणजे सगळ्या इमारतीतल्या वायरी जिथे येऊन मिळतात ती भोकांची पेटी. भोकाला पोर्ट म्हणतात. स्विचला हे सांगणं लॅपटॉपवरून होतं. ते काम देसाई साहेबांचं. त्यासाठी ते मुंबईहून आले होते. वायर खोचणं माझं.

सकाळी मी नंदूभाऊंच्या मार्फत विचारलं होतं, चार केबली कुठे खोचू? साहेब मॅनेजरच्या केबिनमध्ये एसीत बसले होते. रॅक, म्हणजे ह्या पेट्या बसवलेला लोखंडी सांगाडा, जिन्याखालच्या खोलीत, तिथला एसी अजून बसायचा होता. साहेब मान वर न करता म्हणाले, “वरच्या रांगेतले पहिले चार पोर्ट.”

मी वरच्या रांगेतले पहिले चार पोर्ट घेतले. डावीकडून लाल, पिवळा, हिरवा, निळा. चारी ठिकाणी दिवे लागले.

दुपारी फर्नांडिस बाईंनी कॉम्प्युटर चालू करवले. बाई हॉस्पिटलच्या ऑफिसच्या प्रमुख, आधी वेंगुर्ल्याला शाळेत शिकवत होत्या. त्यांची सही झाल्याशिवाय कुठलंही काम पुरं झालं असं धरत नसत. कॉम्प्युटर चालू झाले आणि गोंधळ सुरू झाला. काउंटरवरच्या पहिल्या कॉम्प्युटरवर नावनोंदणी उघडे, रिपोर्ट उघडेनात. शेजारच्यावर रिपोर्ट उघडत, नावनोंदणी उघडेना. औषधांच्या खिडकीत काहीच नाही. आणि वरच्या मजल्यावर एका कॉम्प्युटरवर सगळं झकास.

“केबल,” साहेब खुर्चीतूनच म्हणाले. आणि मग ते प्लग तोडण्याचं आणि माझ्या शिक्षणाचं बोलणं झालं.

बाहेर आल्यावर नंदूभाऊ म्हणाले, “शेवंते, काय केलंस गो ह्या?”

“मी काय केलंय? टेस्टर लावून बघितलंय. आठय दिवे लागले.”

“साहेब सांगतत ना? तोड आणि नवीन मार. आणि रागाव नको, पण उद्यापासून येव नको. माझा नाव जाता.”

सहा वर्षांचं काम एका वाक्यात गेलं. नंदूभाऊ सोडून जिल्ह्यात वायरीच्या कामाला बाईमाणसाला कोण घेणार होतं? आणि जाताना काय घेऊन जायचं, तर ‘हिला प्लग मारता येत नाहीत’ हे. एखाद्याला त्याचं धड जाळं स्वतःच्या हाताने सुरीने फाडायला लावावं, तसं मला वाटलं.

मी जिन्याखाली गेले. आधी हिरवी आणि निळी केबल काढली. प्लग तोडले. प्लग काचेसारखे पारदर्शक असतात. दाराच्या उजेडाकडे धरून बघितले. आठी तारा टोकाला टेकलेल्या. काही वाईट नव्हतं. ते मी ब्लाउजच्या आत ठेवलेल्या बटव्यात टाकले.

तेवढ्यात काउंटरवरून फर्नांडिस बाई ओरडल्या, “चालू झाला! सगळ्यांचा चालू झाला!”

मी थबकले. दोन केबली बाहेर, आणि सगळं चालू? नवीन प्लग मारले, टेस्टर लावला, केबली होत्या तिथे खोचल्या. दिवे लागले.

“परत गेला!” बाई.

काढल्या. “इला!” खोचल्या. “गेला! कोण खेळता गो थय?”

नंदूभाऊंनी हे वर जाऊन सांगितलं. परत आले ते तोंड पाडूनच. “साहेब म्हणतत, बघा, त्याच दोन केबली खराब.”

“प्लग आता नवीन मारलंय ना?”

“सांगितलंय मी. तर म्हणतत, केबलच आतून पिचली असतली. भिंतीतून ओढताना बाईने पीळ दिला असेल.”

भिंतीतून! ती केबल दोन हात लांबीची. एका पेटीतून निघून वरच्या पेटीत जाणारी. रॅकच्या बाहेर ती आलीच नव्हती. तिला ओढायचं कुठे आणि पीळ कशाला द्यायचा? तेव्हा मला कळलं की ज्या कामाला हे नावं ठेवतात ते काम ह्यांनी डोळ्यांनी बघितलेलंच नाही. सकाळपासून एकदाही ते जिना उतरले नव्हते.

राग आला की माझे हात उलट शांत होतात. लाल-पिवळी केबल काढून मी हिरव्या-निळ्याच्या जागी घातली, आणि हिरवी-निळी त्यांच्या जागी. केबल वाईट असेल तर ती जिथे जाईल तिथे दुखणं जाईल. एवढं कळायला चौथीचीसुद्धा गरज नाही. लाल-पिवळीचे उरलेले दोन प्लगही मी आधीच तोडून नवीन मारून घेतले होते, कुणी मागाहून बोलायला नको.

मग आता तिसऱ्या-चौथ्या जागी असलेली लाल-पिवळी काढली. “इला!” बाई ओरडल्या. ती परत लावून पहिल्या-दुसऱ्या जागची हिरवी-निळी काढली. सगळं हॉस्पिटल बंद.

म्हणजे दुखणं केबलीत नव्हतं. त्या दोन पोर्टांत होतं.

बाई खाली आल्या. पुढे वाकून रॅकमध्ये बघू लागल्या. “काय चल्लाहा गो तुझा?”

“बाई, केबल बरी आसा. ह्या दोन पोर्टांत कायतरी आसा.”

“नंबर काय तेंचे?”

नंबर! पोर्टांच्या वर नंबर छापलेले असतात, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक. इंग्रजी आकडे मला वाचता येतात. बाईंनी मोबाईलचा उजेड धरला. मी बोट ठेवून वाचत गेले. वरच्या रांगेत एक, तीन, पाच, सात. खालच्या रांगेत दोन, चार, सहा, आठ.

लाल-पिवळी आता जिथे खोचल्या होत्या, ते दुखरे दोन पोर्ट म्हणजे पाच आणि सात.

“चल वर,” बाई म्हणाल्या.

“बाई, तुमी सांगा.”

“मी काय सांगतलंय? माका त्यातला कळता काय? तू सांग.”

केबिनमध्ये साहेबांकडे बघवेना, म्हणून मी लॅपटॉपकडे बघत विचारलं, “तुम्ही कुठले नंबर जोडले?”

साहेबांनी नंदूभाऊंकडे बघितलं. “काय म्हणते ही?”

“ती तुम्हाला विचारतेय,” फर्नांडिस बाई म्हणाल्या. “त्यांना नाही.”

“एक ते चार. अजून काय?”

“वरच्या रांगेत एक ते चार नाहीत,” मी म्हणाले. “एक, तीन, पाच, सात आहेत. दोन आणि चार खालच्या रांगेत. ते रिकामे आहेत.”

“असं नसतं.”

“बघा येऊन.”

एवढं मोठं मी कुणा साहेबाला आयुष्यात बोलले नव्हते. साहेब उठले. जिना उतरले. खोलीत शिरताच चष्म्यावर वाफ आली. रुमालाने पुसून वाकले, बाईंनी उजेड धरला. बराच वेळ बघत राहिले.

“हं,” म्हणाले.

बस्स. एवढंच.

मग ते नंदूभाऊंना समजावून सांगू लागले आणि मी मागे उभी राहून ऐकलं. त्यांनी जोडले होते एक ते चार. माझ्या केबली त्यांच्या सांगण्यावरून एक, तीन, पाच, सातमध्ये. म्हणजे दोनच केबली जोडीत, दोन बाहेर. बाहेरचे पाच आणि सात दुसऱ्याच विभागाला दिलेले. तिथून सर्व्हरचं बोलणं काउंटरपर्यंत पोचतच नव्हतं. दिवा मात्र पेटे. दिवा फक्त वायर टेकली आहे एवढंच सांगतो, वाट बरोबर आहे की नाही ते सांगत नाही. सर्व्हरला वाटे, आपल्याला चार वाटा आहेत.

आणि वाटणी आधीच ठरलेली असते. कुठल्या कॉम्प्युटरचं कुठल्या सर्व्हरशी बोलणं कुठल्या केबलीने जायचं, ते दोघांच्या पत्त्यांवरून ठरतं. माझी आई मासे विकायची. आमच्या भागात चौघीजणी टोपली घेऊन फिरत आणि प्रत्येकीच्या वाड्या ठरलेल्या. एखादी वाट चुकली तर तिच्या वाडीला त्या दिवशी मासे नाहीत, मग बाकीच्या तिघींची टोपली भरलेली का असेना. तेच इथे झालं होतं. ज्यांची वाटणी पाच-सातवर गेली ते उपाशी, आणि दरवेळी तेच उपाशी. त्या दोन केबली काढल्या की सर्व्हर पाही, दोघीच उरल्या. मग तो सगळ्या वाड्या त्या दोघींत वाटून देई.

मी पाच आणि सातमधल्या केबली काढून खालच्या रांगेत दोन आणि चारमध्ये घातल्या. काउंटर, औषधं, वरचा मजला, सगळं चालू. त्यानंतर गेलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण साहेबांनी रिपोर्ट छापून आणला. त्यावर आधी नंदूभाऊंची सही, मग बाईंची. इंग्रजी मला वाचता येत नाही. बाईंनी चष्मा लावून मोठ्याने मराठीत वाचलं: “सर्व्हरच्या केबलींचे प्लग सदोष होते. नवीन बसवल्यावर अडचण दूर झाली.”

नंदूभाऊंनी पेनाचं टोपण काढलं होतं.

“भाऊनु, सही करू नकात,” मी म्हणाले.

“शेवंते, गप रव.”

मी बटव्यातून चारी तोडलेले प्लग काढले आणि साहेबांच्या लॅपटॉपशेजारी ओळीने मांडले. मग म्हणाले, “ह्यांतला वाईट कुठला, तो दाखवा.”

साहेबांनी हात लावला नाही.

“दाखवा की,” बाई म्हणाल्या. “चार तर आहेत. दाखवा, मी सही करते.”

साहेब हसले. “बाई, ही नुसती फॉरमॅलिटी असते. रिपोर्टमध्ये काहीतरी कारण लिहावं लागतं.”

“मग खरं लिहा.”

नवीन कागद आला. त्यात लिहिलं होतं, ‘पोर्टांची जुळणी दुरुस्त केली.’ बाईंनी विचारलं, “आणि ती चुकवली कुणी?”

“त्याला रकाना नाही,” साहेब म्हणाले.

केबलीच्या दोषाला रकाना होता. साहेबांच्या दोषाला नव्हता. चूक माझी ठरत होती तोवर तिला माझं नाव होतं, माझी चौथी होती, माझा पीळ होता. ती साहेबांची निघाली आणि तिला मालकच उरला नाही.

बाईंनी सही केली. मला म्हणाल्या, “ह्याच्यापेक्षा जास्त मिळूचा नाय गो.”

परतताना टेम्पोत नंदूभाऊ ओरोसचा फाटा गेल्यावर म्हणाले, “उद्या बांद्याक जावचा आसा. साडेसातांक ये.”

चुकलो वगैरे काही म्हणाले नाहीत. मी साडेसातला गेले.

त्यानंतर बरीच वर्षं मी वायरी ओढल्या. मुंबईचे, पुण्याचे, गोव्याचे पुष्कळ साहेब पाहिले. कुणी लांबून ‘पहिले चार’ म्हणाला की मी केबल हातात धरून उभी राहते आणि म्हणते, “नंबर सांगा.” लाजत म्हणते, पण म्हणते. नंबर मिळेपर्यंत खोचत नाही. मग काहीजणांना उठून रॅकपर्यंत यावं लागतं. येतात, घामाघूम होतात, वाकून बघतात, आणि ‘हं’ म्हणतात.