पुढचा विषय

बाई बोलण्याआधी हात वर करायच्या. वर्गातल्या मुलींसारखा, सरळ, ताठ. आणि कोणी "बोला" म्हणेपर्यंत तो तसाच ठेवायच्या. तुम्ही सभा-बैठकांना गेला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, तिथं असं कोणी करत नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याची पाळी. बाईंना ते कधी जमलं नाही. एकदा मी त्यांना भाजीबाजारात पाहिलं. टोपलीभोवती गिऱ्हाइकांची झुंबड, आणि बाई मागे हात वर करून उभ्या. भाजीवाली म्हणाली, "काय गो बाय, खांदा दुखतंय का तुजा?"

आमचं गाव ठाणे-कल्याणच्या पट्ट्यातलं, खाडीकाठचं. नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथल्या एका खाजगी शाळेत मी चित्रकला शिकवायचो, त्या भूगोल. स्वातंत्र्य येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आपण काहीतरी करायला हवं असं ज्याला त्याला वाटत होतं. काय करायचं, ते ठरवायला आम्ही दर रविवारी सकाळी माझ्या चित्रकलेच्या वर्गात जमायचो. किल्ली माझ्याकडे असायची. दहा-बारा तरुण मंडळी, त्यात बाई एकट्याच. बैठकीचा म्होरक्या मधू. कायद्याचा अभ्यास करायचा, बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटे. जगातला एकही प्रश्न आम्ही सोडवायचा बाकी ठेवला नव्हता. फक्त गावातल्या प्रश्नांना वेळ मिळत नसे.

एका रविवारी बाईंचा हात वर गेला. मधूचं जागतिक शांततेवर चाललं होतं, त्यामुळे तो बराच वेळ वरच राहिला. शेवटी मीच म्हणालो, "बाईंना बोलायचंय."

"बाजारात ज्या भाजीवाल्या येतात ना," बाई म्हणाल्या, "कोपरकडच्या, खाडीपलीकडच्या. काल त्यातली एक उन्हानं अगदी मलूल झाली होती. मी तांब्याभर पाणी आणून दिलं. तिनं घेतलं नाही. म्हणाली, 'नको गो बाय. पानी पिलं तं जाव कटं?'"

कोणाला पटकन कळलं नाही. मग कळलं, आणि सगळे खाली बघायला लागले.

"पहाटे टोपली घेऊन निघतात, दिवस मावळता परत जातात," बाई म्हणाल्या. "दिवसभर पाणी पीत नाहीत. अख्ख्या बाजारात बायकांसाठी संडास नाही."

तो शब्द तोवर आमच्या बैठकीत कोणी उच्चारला नव्हता. मधू घसा साफ करत म्हणाला, "प्रश्न महत्त्वाचाच आहे. पण तो जरा व्यापक भूमिकेतून मांडायला हवा."

"व्यापक भूमिकेतून कुठं जायचं त्यांनी?" बाईंनी विचारलं. चेष्टा म्हणून नव्हे. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

पुढं नगरपालिकेची निवडणूक आली. बैठकीतर्फे एक उमेदवार उभा करायचा ठरलं. तो मधू असणार, हे न बोलता सगळ्यांना मान्य होतं. बाईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "मी उभी राहते." मधूचा चेहरा क्षणभर उतरला. पण माणूस दिलदार. त्यानंच पहिली टाळी वाजवली.

बाई थोरल्या भावाकडे राहायच्या. भाऊ मुंबईत कचेरीत कारकून होता, शांत, भिडस्त. बाई त्याच्याबद्दल वाईट बोललेल्या मला आठवत नाहीत. त्याचं म्हणणं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं होतं : "तू उभी राहा, मी अडवत नाही. पण या घरातून नको. माझ्या दोन मुलींची लग्नं व्हायचीत." बाईंनी त्याच आठवड्यात ट्रंक उचलली आणि तळ्याजवळ एका सिंधी विधवेच्या घरात मागची खोली घेतली. फाळणीत सगळं सोडून ती कल्याण कॅम्पात आली होती आणि तिथून आमच्या गावात. तिला मराठी येत नव्हतं, बाईंना सिंधी. "छान जमतं आमचं," बाई म्हणायच्या. "भांडण करायलासुद्धा शब्द नाहीत."

प्रचाराच्या पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे होतं. मजकूर मधूनं लिहून दिला : 'स्त्रियांच्या सोयीसाठी'. बाईंनी वाचलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मास्तर, सोय नको. संडास म्हणा." मी म्हटलं. गेरूनं, भिंतीवर, हातभर अक्षरात. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. "अक्षर सुंदर आहे हो," ते कळवळून म्हणाले, "पण शब्द कुठला!"

मधूनं एक अडचण काढली. भाजीवाल्या बाहेरगावच्या, त्यांची मतं आमच्याकडे नव्हतीच. "ज्यांच्यासाठी लढतोय त्यांचं मतच नाही, बाई."

"मत नसलं तरी लागते ना त्यांना?" बाई म्हणाल्या.

भाजीवाल्यांना मात्र आपल्याला मत नसल्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. त्यांनी आपल्या पद्धतीनं प्रचार केला. वांगी घ्यायला आलेल्या बाईला आधी विचारायच्या, "मत कनाला देनार?" उत्तर चुकलं की किडकं वांगं. गावातल्या बायकांनी घरात काय सांगितलं आणि पेटीपाशी काय केलं, देव जाणे. बाई थोडक्या मतांनी निवडून आल्या.

खरं तर इथूनच त्या एकट्या पडत गेल्या.

नगरपालिकेच्या सभेला मी प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसायचो, म्हणून पाहिलेलं सांगतो. बाई कडेच्या खुर्चीत, हात वर. अध्यक्षांना तो दिसायचा. दिसल्यावर ते कागद उलटायचे आणि म्हणायचे, "पुढचा विषय." बाईंचा विषय कार्यक्रमपत्रिकेत अगदी शेवटी असे. तोवर सभासद चहाला म्हणून उठून जात, गणपूर्ती उरत नसे आणि सभा संपे. कोणी त्यांच्याशी वाईट वागलं नाही. नमस्कार करायचे, खुर्ची पुढं करायचे. फक्त ऐकायचं कोणी नाही.

इकडे बैठकही विरळ झाली. मधू सनद घेऊन मुंबईला गेला. कोणाला नोकऱ्या लागल्या, कोणाची लग्नं झाली. उरलेले संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत उतरले. केवढी ती चळवळ! तिच्यापुढं बाजारातल्या संडासाचं कोणाला काय वाटणार? बाईसुद्धा मोर्च्यांना जायच्या, घोषणा द्यायच्या, पण परत आल्यावर विचारायच्या, "आपल्या विषयाचं काय?" 'आपल्या' म्हणजे एव्हाना त्यांच्या आणि माझ्या.

एक वेळ अशी आली की रविवारी वर्गात आम्ही दोघंच. बाकं तशीच मांडलेली. बाई नेहमीच्या जागी बसल्या, मी माझ्या. मी गमतीनं म्हणालो, "बोला बाई, आता हात वर करायची गरज नाही." त्या हसल्या नाहीत. खिडकीतून बाहेर पाहत होत्या. शाळेचा शिपाई अंगण झाडत होता आणि झाडता झाडता आत बघत होता.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून किल्ली आणू नका."

"का?"

"तुमच्यासाठी मुली बघताहेत ना घरी? मग."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्या उठल्या होत्या. जाताना त्यांनी फळा पुसला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

पण विषय त्यांनी सोडला नाही. एका सभेला त्या चिवड्याचा मोठा डबा आणि चहाची किटली घेऊन आल्या. सभासद उठायला लागले तेव्हा त्यांनी डबा उघडला. चिवडा सिंधी मालकिणीनं केला होता, तिखट, डाळिंबाचे दाणे घातलेला. सगळे पुन्हा बसले. बशा फिरल्या. गणपूर्ती शाबूत राहिली. अध्यक्षांच्या तोंडात घास असतानाच बाईंनी ठराव वाचला, आणि विरोध करायला कोणाचंच तोंड मोकळं नव्हतं. ठराव पास झाला.

बांधकामाला आणखी बरेच महिने गेले. बाई रोज शाळेतून परस्पर तिथं जायच्या. पत्र्याचं छप्पर, साध्या भिंती, पण दारांना आतून भक्कम कड्या. कड्यांवरून त्यांनी कंत्राटदाराला अगदी रडवेला केला होता. उद्घाटनाला यायला कोणी मोठा माणूस तयार होईना. हार घालून, नारळ फोडून उद्घाटन करायचं ते संडासाचं! अध्यक्षांना त्या दिवशी ठाण्याला काम निघालं. मग भाजीवाल्यांनीच आपल्यातल्या सर्वांत म्हातारीला पुढं केलं. ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज झाला. बाहेर आम्ही सगळे उगाच गंभीर होऊन उभे. म्हातारी बाहेर आली, पदर सारखा केला आणि ओरडली, "पानी आना गो कोनतरी!" आणि तांब्या तोंडाला लावून तिनं तो रिकामा केला. बाई तेव्हा रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

पुढच्या निवडणुकीत त्यांना कोणी उभं राहा म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. भावाच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं, त्याचं बोलावणं शाळेच्या पत्त्यावर आलं. बाई गेल्या. शेवटच्या पंगतीत जेवल्या आणि परत आल्या. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी विचारलं, "कसं झालं लग्न?" म्हणाल्या, "छान. जिलबी कुरकुरीत होती." आणि वह्या तपासायला घेतल्या.

त्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सुट्टी संपून शाळेत आलो तर भूगोलाला नवीन मास्तर. बाई राजीनामा देऊन गेल्या होत्या. देशावर कुठल्याशा गावात मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर म्हणून, एवढंच हेडमास्तरांना ठाऊक होतं. गावाचं नाव त्यांच्या लक्षात नव्हतं.

संध्याकाळी मी तळ्याजवळच्या त्या घरी गेलो. सिंधी मालकीण ओट्यावर तांदूळ निवडत होती. मागची खोली अजून रिकामीच होती. कल्याणहून एसटीनं गेल्या, तिनं सांगितलं. मग मला बसायला खूण केली आणि आपल्या मोडक्या हिंदी-मराठीत बोलायला लागली. खूप दिवसांत कोणाशी बोलली नसावी.

"रोज शाम को, भाषण करती थी," ती म्हणाली.

"कोण? बाई?"

"हां. अंदर, अकेली. खडी होके. मैं बाहर काम करती. फिर एक दिन मी आत गेली. जमीन पे बैठ गई, सामने. वो शरमा गई, बंद किया. मी म्हटला, बोलो बेटी, बोलो. तो बोली. फिर रोज मी आत बसत होती."

"कशावर बोलायच्या?"

"क्या पता," ती म्हणाली. "मराठी में बोलती थी." तिनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "लेकिन बहुत अच्छा बोलती थी. मैं ऐसे करती थी." आणि समोर कोणी बोलत असावं तशी त्या रिकाम्या दाराकडे बघत ती सावकाश मान डोलवत राहिली.