एस्थरबाई थांबत नसत

एस्थरबाई लिफ्टसाठी कधी थांबल्या नाहीत. मस्कतच्या अझैब्याला आमच्या बिल्डिंगमध्ये त्या चौथ्या मजल्यावर आणि मी तिसऱ्यावर. गुडघे माझ्यापेक्षा जास्त दुखायचे, वय साठीच्या पुढचं, पण बटण दाबून दिवा लागला नाही की निघाल्या जिन्याने. मी लिफ्टमधून आरामात वर यायची, तर या धापा टाकत कठड्याला धरून उभ्या. "अहो, दोन मिनिटं थांबला असतात!" म्हटलं की एकच उत्तर: "सिस्टर, आमच्या घराण्याच्या वाट्याची वाट माझ्या बापाने बघून संपवली. शिल्लक नाही."

मी मुलाकडे मस्कतला राहायला आलेली, सातवी शिकलेली म्हातारी. माझं इंग्रजी नातवाच्या पुस्तकातून उचललेलं, त्यांचं हिंदी किराणा दुकानातलं. त्या घानाच्या, रंगाने काळ्याभोर, लेकीची कॉलेजात नोकरी म्हणून नातीला सांभाळायला आलेल्या. चहा चालत नाही म्हणून मी घाबरत दूध दिलं, ते आवडलं, आणि जमलं आमचं. चहा का चालत नाही? तर त्या मॉर्मन. ख्रिश्चनांतला एक अमेरिकन पंथ. चहा नाही, कॉफी नाही, दारू तर नाहीच.

बापाची गोष्ट त्यांनी मला गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितली. या पंथाचं पुस्तक कुठूनसं बापाच्या हाती लागलं. वाचून त्याने अंगणात बाकं टाकली, गावातली माणसं जमवली आणि अमेरिकेला पत्र लिहिलं, आम्हाला तुमच्यात घ्या. पुस्तकं आली. माणसं आली नाहीत. कारण त्यांच्यात बारा वर्षांच्या पोरालाही धर्मविधींचा अधिकार मिळतो, पण काळ्या माणसाला, मग तो कितीही म्हातारा, कितीही सज्जन असो, द्यायचा नाही असा नियम. "थोडं थांबा," एवढंच उत्तर. तो चौदा वर्षं थांबला. १९७८ साली नियम बदलला, तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

मी तर चिमटे फेकलेच हातातले. "आणि तू अजून जातेस त्यांच्याकडे? सोड ना असला धर्म!"

"बाकं माझ्या बापाने टाकली," त्या शांतपणे म्हणाल्या. "उठायचं असेल तर दुसऱ्याने उठावं."

असं वैतागायला व्हायचं मला!

आणि मग २०१५च्या सुरुवातीला ते झालं. इथे सुट्टी शुक्रवारची म्हणून त्यांची प्रार्थनाही शुक्रवारी. तिथे मुलांचा वर्ग वॉल्टर नावाचे एक अमेरिकन आजोबा घ्यायचे. माणूस वाईट नव्हता, सगळ्यांच्या घरचे नळ फुकट दुरुस्त करायचा. एका मुलाने विचारलं, तो जुना नियम का होता? तर यांनी सांगितलं, काळ्या लोकांचे आत्मे जन्माआधीच कमी पडले, म्हणून. समोर एस्थरबाईंची नात ग्रेस बसलेली. चौदा वर्षांची पोर. घरी आली, बूट भिरकावले आणि म्हणाली, "मी पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही."

चीड कशाची, तर पंथानेच तोवर लेखी सांगितलं होतं की असल्या समजुती आम्ही मानत नाही. एस्थरबाईंनी तो कागद छापून घेतला आणि तिथल्या प्रमुखाला नेऊन दिला: हे वर्गात वाचा. तो म्हणाला, "सिस्टर, म्हातारा माणूस आहे, चारचौघांत कशाला? बदलतंय ना सगळं हळूहळू."

"हळूहळू!" एस्थरबाईंनी माझ्या ओट्यावर मूठ आपटली. "जन्माआधी कमी पडले म्हणे! तेव्हा हा वॉल्टर बघायला आला होता का?"

त्यांचं मन रमावं म्हणून मी त्यांना दार्सैतला आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला नेलं. बाहेर बायका नटूनथटून ओळीत, आणि एस्थरबाई मला शोधत आत आल्या, तर मी तिळगुळाच्या पुड्या बांधत बसलेली.

"तू इथे का?"

"मला नाही लावत कुंकू. नवरा गेला ना."

"मग बोलावतात कशाला?"

"अगं, मानाने बोलावतात! लाडू माझ्याच हातचे लागतात सगळ्यांना. जुनी पद्धत आहे, मनावर घ्यायचं नसतं. बदलतंय हळूहळू."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग भिंतीला टेकून हसत सुटल्या. "सिस्टर! तूच तर आमचा तो 'हळूहळू'वाला प्रमुख आहेस!"

एवढा राग आला मला. चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षीणबाईला फोन केला. "पुढच्या वर्षी मी बाहेर ओळीत बसणार."

"बघू ना काकू," ती गोड आवाजात म्हणाली, "हळूहळू करू."

फोन ठेवला आणि जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले. "शुक्रवारी मी येते तुझ्याबरोबर."

महिन्यातल्या एका सभेला ते लोक उपाशीपोटी येतात आणि कोणीही पुढे जाऊन मनातलं बोलू शकतं. आजीने हात जोडले म्हणून ग्रेस शेवटचं एकदा आली. माझी साडी बघून दोनतीन गोऱ्या बायका प्रेमाने हसल्या. एस्थरबाई उठल्या, पण पुढे गेल्याच नाहीत. तिसऱ्या रांगेत वॉल्टर आजोबांसमोर जाऊन कागद धरला. "ब्रदर, तुम्ही शिकवलंत, तुम्हीच वाचा."

प्रमुख खुर्चीतून अर्धवट उठला. एस्थरबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. पुढे जाऊन वाचलं, सगळं. शेवटी म्हणाले, "पण देवाकडे प्रत्येक गोष्टीची एक वेळ असते."

"ते कागदावर नाही," एस्थरबाई उभ्या होत्या तिथूनच म्हणाल्या.

आजोबांनी खरोखर कागद वरपासून खालपर्यंत तपासला. "नाही," ते म्हणाले. "कागदावर नाही. मला लहानपणी शिकवलं तेच मी सांगितलं. चूक होती ती. ग्रेस, माझी चूक होती."

मला वाटलं, झालं, जिंकलो! टॅक्सीत ग्रेस म्हणाली, "थँक यू आजी. पण मी येणार नाही."

माझा जीव तळतळला. एवढं करून काय मिळवलं? पुढे दर शुक्रवारी एस्थरबाई तिच्या खोलीच्या दारात उभ्या राहून विचारायच्या, "येतेस?" "नाही आजी." "बरं." आणि पर्स उचलून एकट्या निघायच्या. मस्कत सोडून घानाला परत जायच्या आदल्या शुक्रवारीही तेच. मी जिन्यात उभी होते, मला राहवलं नाही. "कशाला विचारतेस दर वेळी? तिचं उत्तर ठरलेलं आहे."

"माझ्या बापाला ते नको म्हणाले," एस्थरबाई कठडा धरत एक एक पायरी उतरत म्हणाल्या. डोळे भरले होते, पण मान ताठ. "आता आमची पोर त्यांना नको म्हणते. रडू येतं ग, सिस्टर. पण तिला विचारलं जातं."