बाबांचं समुद्रकाठचं जेवण

आमच्या घराण्यात समुद्रकाठी, उघड्यावर, गार वाऱ्यात जेवायचा मान पहिल्यांदा मिळाला तो आमच्या बाबांना. आणि तोही मेल्यानंतर, दहाव्याला.

जिवंतपणी ते अंधेरीच्या चाळीत, चुलीशेजारी, भिंतीकडे तोंड करून जेवत. जन्मभर गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, दोन दोन पाळ्या केल्या आणि मला शिकवलं. मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यातला पहिला, चाळीतला पहिला, आणि मालवणजवळच्या आमच्या वाडीत तर पहिला आणि बहुधा शेवटचाही, कारण माझ्याकडे बघून बाकीच्यांनी शाळा सोडली असं भिकूकाका म्हणत. भिकूकाका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांना शिक्षणाचा राग नव्हता. शिकलेल्यांचा होता.

पिंडदान कुठे करायचं यावरून आमचं पहिलं वाजलं. काकांना बाणगंगा पाहिजे होती.

"काका," मी म्हटलं, "बाणगंगेवर पिंडं फार आणि कावळे थोडे. तिथल्या कावळ्यांना उसंत नसते. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर कावळेच कावळे, आणि दहावं घालायला तिथे कोणी फिरकत नाही. पुरवठा भरपूर, मागणी शून्य. हे साधं अर्थशास्त्र आहे!"

"तुका बी.ए. कित्याक केल्यानी ता आता कळला," काका म्हणाले. "कावळे मोजूक!"

पण मुलगा मी होतो, मुंडण माझं झालं होतं, त्यामुळे माझं चाललं.

वर्सोव्याला पोचलो तेव्हा माझा हिशेब शंभर टक्के बरोबर निघाला. कावळ्यांनी आभाळ काळं झालं होतं! काकांकडे मी एक विजयी नजर टाकली. भटजींनी वाळूवर दर्भ पसरला, पिंड मांडला, वर दह्याचा ठिपका दिला. चाळीतली मंडळी मागे हात जोडून उभी राहिली. आई जरा बाजूला बसली. (बायकांनी अशा ठिकाणी यायचं नसतं असं काकांनी तिला दोनदा सांगितलं होतं. तिने दोन्ही वेळा पदर सावरला आणि बसमध्ये चढून बसली.) पान वाढलं, यजमान तयार. पाहुणा तेवढा यायचा होता.

पाहुणा येईना.

कारण आमच्या शेजारीच, बांबूंच्या आडव्या काठ्यांवर, ओळीच्या ओळी बोंबील वाळत घातले होते. सगळे कावळे तिथे. एक कोळीणबाई हातात काठी घेऊन त्यांना हाकलत होती. ती हाकलायची, ते उडायचे, आमच्या डोक्यावरून एक फेरी मारायचे, खाली आमच्या दहीभाताकडे बघायचे आणि परत बोंबलांवर जाऊन बसायचे. सुतकामुळे आम्ही मासळीला शिवलो नव्हतो. तो वास नाकात शिरला की खरं सांगतो, मलाही कावळ्यांचंच पटत होतं!

"दादाची कायतरी इच्छा रवली," काकांनी निदान केलं. "बोल रे झिला. गावच्या घराची कौलां परतीन म्हण."

मी हात जोडले. "बाबा, गावच्या घराची कौलं परतून घेईन."

एक कावळा बोंबील घेऊन उडाला.

"देवाक कोंबो देईन म्हण."

"देवाला कोंबडा देईन."

काही नाही.

"लगीन करीन म्हण."

"कोणाशी?"

"ता मागसून बघू! आदी बापाशीक जेवूक दी!"

लग्नाचंही वचन देऊन झालं. मागून कुजबुज सुरू झाली. शेजारचे एक गृहस्थ दुसऱ्याला म्हणाले, "एवढा शिकवला, पण बाप उपाशीच गेला बघा." हळू म्हणाले, पण मला ऐकू जाईल एवढ्या बेताने हळू. या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता (बी.ए.ला तत्त्वज्ञानाचा एक पेपर होता), पण विश्वास नसला म्हणून अपमान थोडाच कमी होतो? बाबा माझ्यावर नाराज होऊन गेले असं सगळ्या चाळीदेखत ठरत होतं, आणि ठरवत कोण होतं, तर पोट भरलेले कावळे!

भटजींना पुढे सांताक्रूझला जायचं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात सोय आहे."

"माझ्या बाबांना गवताचा कावळा?" मी कडाडलो. "मुळीच नाही! खराच येईल. मी बघतो."

आणि मी तरातरा कोळीणबाईंकडे गेलो.

"मावशी, तुम्ही कावळे हाकलताच आहात, तर जरा आमच्या बाजूला हाकला ना."

तिने माझ्या गुळगुळीत डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "मी बोंबील राखाला बसलंय का तुझ्या बापसाला वाढाला?"

"तसं नव्हे. शास्त्रीय दृष्टीने बघितलं तर कावळ्यांची दिशा..."

"ए, हट!" असं म्हणून तिने एक ढेकूळ भिरकावलं. मी दचकलो, पण ते माझ्यासाठी नव्हतं. टोकाच्या काठीवर एक म्हातारा कावळा मान डावीकडे कलती करून बसला होता. ढेकूळ त्याच्या शेपटीला चाटून गेलं.

तेवढ्यात मागून आईची किंकाळी आली. "मारू नको गो त्यांका!"

आई धावत आली. "तेच ते! मान बघ! साच्यावर उभे रवान मान तशीच वाकडी झालेली! माझ्या घोवाक ढेकूळ मारतंस?"

"तुझा घोव माझं बोंबील चोरतंय!"

"दहा दिस पोटात अन्न नाय त्यांच्या!"

"मग तुमी वाढलाय तां खाऊ दे ना! भात दिसत नाय त्याला?"

"भात त्यांका कधीच आवडाक नाय!"

मी मध्ये पडलो. "आई, हा तर्काला धरून..." दोघी एकदम माझ्यावर ओरडल्या, "तू गप!" मग अचानक कोळीणबाईने काठी खाली टाकली. आईच्या रिकाम्या कपाळाकडे आणि हातांकडे तिचं आत्ताच लक्ष गेलं होतं.

"कंदी गेला गं बाय?" ती म्हणाली.

आई तिथेच वाळूत बसली. कोळीणबाई तिच्या शेजारी बसली. "माझा होडीसकट गेला," ती म्हणाली. "गवसलाच नाय. भात वाढाला जागा पन नाय." मग दोघी मिळून रडल्या. दहा दिवस आई रडली नव्हती. मी तिला गीतेतल्या आत्म्याविषयी समजावून सांगत होतो, म्हणून तिला वेळ मिळाला नसावा.

उन्हं कलली. भटजींनी दर्भ वळायला घेतला. काका माझ्याकडे बघत नव्हते, सगळी चाळ बघत होती. मी पिंडापुढे गुडघे टेकले. आता वचन द्यायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं.

"बाबा, काय राहिलं हो? सांगा तरी! तुम्ही म्हणालात शीक, मी शिकलो. तुम्ही म्हणालात मोठा हो. मी बी.ए..."

"आता पुरे," मागून आईचा आवाज आला. डोळे पुसत ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि पिंडाकडे बघून, घरात ताट मांडल्यावर म्हणायची तशी म्हणाली, "ओ, जेवा आता. ह्यो परत कोणाक बी.ए. झालंय म्हणान सांगूचो नाय. मी बघतंय त्याच्याकडे."

फडफड झाली. एक नाही, दोन नाही, अख्खी पंगत उतरली! सगळ्यात पुढे तो मान वाकडी असलेला. पिंड गेला, दही गेलं, भटजींच्या हातातला अर्धा वळलेला दर्भसुद्धा एकाने ओढून नेला.

शेवटी काकांनी हात जोडले. "वयनी, ही इच्छा होती?"

"गिरणीतला कोण घराक इला काय ह्यो इंग्रजी बोलूक लागता," आई शांतपणे म्हणाली. "ते बिचारे अर्धी चाय टाकून उठून जायत. मग येयनासेच झाले. हे भिंतीकडे बघित बसत."

मला वाटायचं, मी बोलायला लागलो की बाबा अभिमानाने गप्प होतात.

मी खाली बघितलं. मग नजर चुकवायला शेजारी बघितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! काठ्या रिकाम्या होत्या! दिवस मावळायच्या आत कोळीणबाईच्या सुनांनी सगळे बोंबील टोपल्यांत भरून घरात नेले होते. बोंबलांचा पुरवठा संपला, म्हणून भाताची मागणी वाढली. बस्स! वचन नाही, इच्छा नाही, बाबांची नाराजी तर मुळीच नाही. मी निर्दोष होतो, आणि ते चारचौघांत सिद्ध करता येत होतं!

"काका," मी उत्साहाने म्हटलं, "याचं कारण अगदी सोपं आहे. असं बघा..."

आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या पायाशी तो म्हातारा कावळा शेवटची शितं टिपत होता. तोही थांबला, आणि चोचीतलं शीत तसंच धरून माझ्याकडे बघत राहिला.

मी तोंड मिटलं. बापाच्या तोंडचा घास काढून घ्यावा, एवढा काही मी शिकलेला नव्हतो.