पंपावरची नजर

माझे पती आणि त्यांचा जोडीदार लातुरात दाबाच्या पाण्यानं साफसफाईची कामं घेतात. कारखान्याच्या नळ्या, टाक्या, जुन्या दगडी भिंती. पती पाण्याची गन धरतात, जोडीदार पंपावर उभा राहतो. पंप चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही. गनवाल्याचा डावा हात वर गेला की पाणी बंद करायचं. पंपावरच्यानं नजर हलवायची नाही आणि गनवाल्यानं मागं वळायचं नाही. मागं बघणं म्हणजे अविश्वास, असं दोघंही मानतात.

घरी मात्र गॅस बंद केला का, हे पती मला दोनदा विचारतात.

मला त्या जोडीदाराचा हेवा वाटत आला आहे. तो जेवायला बसला की पती न विचारता त्याच्या ताटात ठेचा वाढतात. त्याला किती लागतो ते त्यांना ठाऊक आहे. मी बिनसाखरेचा चहा पिते, हे त्यांना अजून सांगावं लागतं.

औशातल्या एका दगडी शाळेवरचा ऑइलपेंट काढायचा होता. शाळा उघडायच्या आत काम पुरं करून द्यायचं, आणि जोडीदार बहिणीच्या साखरपुड्याला किनवटला गेलेला.

"मी राहते पंपावर," मी म्हटलं.

"तुला न्हाई जमायचं."

"इतक्या वेळा बघितलंय मी."

त्यांनी जोडीदाराला स्पीकरवर फोन लावला. "गड्या, तुझी वैनी पंपावर राहते म्हणतीय. ठेवू का?"

"ठेव की! घरात तुझं तोंड बंद करतीच, तिथं पाणी करंल."

दोघं हसले. मला उभं करायला परवानगी त्याची लागली.

हिरव्या रंगाचे पापुद्रे सुटून खालचा काळा दगड दिसू लागला. पती सारखे मागं वळत होते. हात वर नाही, नुसतं बघायला. मग ओल्या पापुद्र्यांवरून त्यांचा पाय घसरला. हात वर जायच्या आत मी पाणी बंद केलं. ते सावरले आणि भिंतीकडं तोंड ठेवूनच सुरू करायची खूण केली. त्यानंतर ते वळले नाहीत.

परतताना गाडीतूनच त्यांनी जोडीदाराला पुन्हा स्पीकरवर फोन लावून सांगितलं, "लई भारी केलं गड्या तिनं. नंतर मागं बघावंच लागलं न्हाई."

"मग राहू का इथंच?"

"ये उद्या. एक भिंत राहिलीय."

मी विचारलं, "आणि मी?"

"तू डबा घेऊन ये. त्याला ठेचा जास्त टाक."

दुसऱ्या दिवशी मी डबा नेला. ठेचा टाकला नाही.