जोत्यांची मोजणी

संस्थान विलीन झालं तेव्हा मी जव्हारच्या कचेरीत कारकून होतो. नव्या सरकारनं आम्हाला ठेवून घेतलं, पण हंगामी म्हणून. कायम कोण होणार आणि घरी कोण जाणार, ह्याच घोरात आमची दोन-तीन वर्षं गेली. त्या काळात पुण्याहून एक साहेब जुन्या वस्त्यांची पाहणी करायला आले. मी साखरशेतचा, पाड्यावरची बोली मला घरचीच, म्हणून मला त्यांच्याबरोबर धाडलं.

सूर्यमाळच्या खाली, दरीत, एक ओसाड पाडा होता. चौदा-पंधरा घरांची दगडी जोती, खडकात कोरलेली उखळं, एक फुटकं जातं. कुडाच्या भिंती वाळवीनं केव्हाच संपवलेल्या. साहेब हरखून गेले. मी फितीचं टोक धरायचं, ते आकडे सांगायचे, ते मी लिहून घ्यायचे. खापराचा तुकडा सापडला की ते तो सदऱ्याला पुसून उन्हात धरत.

"कारकून, हे फार जुनं आहे. फार जुनं."

तिसऱ्या दिवशी वरच्या वाटेनं एक म्हातारी उतरली आणि आम्ही मोजत होतो त्याच जोत्यावर येऊन बसली.

"तिला उठायला सांगा," साहेब म्हणाले.

मी सांगितलं. ती उठली नाही.

"हा माझा घर," ती म्हणाली. "आथं चूल होती. पल्याड जावेचा घर."

मग तिनं मला जोत्याजोत्यावर नेलं. इथं कोण राहायचं, कोण कशानं गेलं, सगळं सांगितलं. देवीची साथ आली, एकेका घरातून तीन-तीन माणसं उचलली. उरलेली डोंगरावर राहायला गेली. पण नागली अजून ह्याच उतारावर पेरत होती. जातं तिच्या सासूचं होतं. ते तिनं हातानं चाचपून बघितलं.

मी एकूण एक गोष्ट साहेबांना सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली.

"किती वर्षं झाली, विचारा."

"माझा थोरला रांगत होता," ती म्हणाली.

साहेब हसले. वाईट माणूस नव्हता तो. "वरच्या थरात हे लोक राहिलेही असतील. आपल्याला ह्यांच्या खालचं हवंय. पुढचा रकाना घ्या. मालक."

"काय लिहू?"

"कोणी नाही. जागा ओसाड."

मी लिहिलं. नाही म्हणता आलं असतं का, हे मी नंतर पुष्कळदा स्वतःला विचारलं. तेव्हा विचारलं नाही. माझ्या कायम होण्यासाठी दोन ओळी लिहून द्यायचं साहेबांनी कबूल केलं होतं.

निघताना म्हातारीनं विचारलं, "दादा, माझा नाव लिवला?"

"लिहिलं, आजी."

तिनं पदराची गाठ सोडून उकडलेले कंद माझ्या हातावर ठेवले. मी ते तिच्यासमोर उभं राहून खाल्ले.

दोन पावसाळ्यांनंतर दरीत पाटी लागली. जागा राखीव झाली, नागली पेरायची बंदी आली. मी तोवर कायम झालो होतो. एका सकाळी म्हातारीचा थोरला कचेरीत आला आणि टेबलासमोर उकिडवा बसला.

"आय सांगते, तिचा नाव कागदात हाय. तुमी लिवला. तेवढा काढून दाखवा."

मी फाईल काढली. त्याला वाचता येत नव्हतं, तरी मी पानं उलटत राहिलो. माझंच वळणदार अक्षर.

"नाव राहून गेलेलं दिसतंय," मी म्हणालो.

"कोणाकडनं?"

शेजारचे कारकून ऐकत होते. मी पुस्तकी मराठीत सांगितलं, "तो निर्णय वरच्या कार्यालयाचा आहे. अर्ज करा."

"अर्ज कोण लिवंल?"

लिहायला मला अर्धा तास पुरला असता. मी म्हटलं, "बाहेर लिहून देणारे बसतात."

तो उठला. त्यानं मला हातही जोडले. पुढच्या वर्षी ती माणसं ठाण्याकडे वीटभट्टीवर गेल्याचं कानावर आलं. म्हातारी बरोबर गेली की मागं राहिली, ते मी कुणाला विचारलं नाही. साहेबांचा अहवाल छापून आला. कचेरीत एक प्रत आली. त्यात जोत्यांचे नकाशे फार सुरेख निघाले होते.