खरपुडीची पाटी

"ओचा झाड."

दुर्मीळ वनस्पतींच्या बागेच्या फाटकात रोज संध्याकाळी हे दोन शब्द. आई तिथे मजुरीला. लुगड्याचा ओचा सोडायची, झाडून दाखवायची. बाकीचे माळी तसेच बाहेर पडायचे. झडती फक्त आमच्या ठाकरवाडीतल्या बायांची. मी आठ वर्षांची, तिच्या मागे उभी. एकदा पाहुण्यांसमोर ओच्यातून अर्धी भाकरी पडली. बागेचे विश्वस्त, साहेब, हसले. "बघा, आज भाकरीच निघाली."

त्याच ओच्यातून आईने त्यांना खरपुडी आणून दिली होती. लोणावळ्याच्या वरच्या कड्यावरून, भर पावसात. कंदिलासारखं फूल, जमिनीत कंद. आमच्यात तो खातात. पण रीत आहे. कंद काढला की डोळा असलेला तुकडा त्याच खड्ड्यात पुरायचा. न पुरता उठले तर आई हातावर फटका द्यायची.

आज कामशेतला माझी स्वतःची रोपवाटिका आहे. कुणाच्या मेहेरबानीने नाही. भांडून, घासाघीस करून उभी केलेली.

यंदा बागेला शंभर वर्षं झाली. सोहळ्याआधी साहेब स्वतः माझ्या दारात. त्यांची खरपुडी सडली होती. उन्हाळ्यात वेल वाळते, कंद झोपतो. यांना वाटलं तहानली. रोज पाणी सोडलं.

"फुलावर आलेली एक कुंडी हवी. भाव तू सांग."

"पैसा नको. कुंडीच्या पाटीवर आईचं नाव, चिमाबाई. आन् ती पयल्या रांगेत बसंल."

"एवढंच? दिलं!"

पहिल्याच बोलीला हो म्हणणारं गिऱ्हाईक बुडवतं. हे मला, जन्मभर सौदे करणारीला, कळायला हवं होतं.

सोहळ्याला आई नवं लुगडं नेसून आली. पहिल्या रांगेत जागा नव्हती. मागे, पाण्याच्या पिंपाजवळ खुर्ची. समोर टेबलावर माझी कुंडी. पाटीवर लिहिलेलं: संग्राहक. खाली साहेबांच्या वडिलांचं नाव.

मग साहेब माईकवर बोलले. "ही दुर्मीळ वनस्पती इथल्या आदिवासींनी खाऊन संपवली. आमच्या बागेने ती वाचवली."

टाळ्या.

आईला वाचता येत नाही. ऐकू येतं. "काय म्हनला त्यो? आमी संपवली?"

मी उठले. सरळ टेबलापाशी गेले, कुंडी उचलली. साहेब खाली वाकून कुजबुजले, "गालबोट लावू नकोस. पाटी उद्या बदलू."

मी माईकला ऐकू जाईल असं म्हटलं, "पाटी तुमची, ऱ्हाऊ द्या. कुंडी माझी हाय."

आई नि मी फाटकाशी पोचलो. वॉचमन नवा पोरगा, खुर्चीतून उठलासुद्धा नाही. तरी आई थांबली. तिचा हात आपोआप ओच्याकडे गेला.

त्या भाषणाने जाळलं नव्हतं इतकं त्या हाताने जाळलं.

मी मनगट धरलं. "न्हाई झाडायचा, आये. आता कधीच न्हाई."

साहेबांचा माणूस दोनदा येऊन गेला. म्हणतो, पाटी बदलली, कुंडी द्या. मी सांगितलं, तो भाव संपला. आता साहेबांनी त्याच फाटकात, चार पाहुण्यांसमोर उभं राहायचं आणि मोठ्याने म्हणायचं, आम्ही खोटं बोललो. आईच्या तोंडाकडे बघून. या भावाच्या खाली एक पानही मिळणार नाही. त्यांची बाग ओसाड पडली तरी.